दिवसाची दुर्बीण, रात्रीची दुर्बीण

मंडईत भाजी घ्यायला जाताना गळ्यात दुर्बीण अडकवून जाऊ नये. मी ती चूक केली, आणि तीही गुढीपाडव्याच्या दिवशी. ३० मार्च २०२५, रविवार. मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. साखरेच्या गाठी, कडुनिंबाचे डहाळे, झेंडूचे ढीग, आंब्याच्या पेट्या. आमचा तो एकोणतिसावा रोजा होता, त्यामुळे इफ्तारसाठी फळं घ्यायची होती. गळ्यात एक दुर्बीण आणि खांद्यावरच्या पिशवीत दुसरी. एक मित्राकडून उसनी आणलेली, दुसरी साफ करायला दिली होती ती परत आणलेली.

फळवाल्या मावशी मला पंचवीस वर्षं ओळखतात. त्या म्हणाल्या, "काय हो शायर, आता भावसुद्धा लांबूनच बघणार का?" आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मग मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पण दोन कशाला?"

पुण्यात या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात ते उगाच नाही. आजच्या विषयाचा नेमका प्रश्न त्या दोन शब्दांत आला होता. माणसाला डोळे दोन, आभाळ एक. मग दुर्बिणी दोन कशाला? दिवसा पक्षी बघायला जी चांगली, ती रात्री तारे बघायला चांगली का नसावी? आणि आज बाजारात जी द्विनेत्री दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते, तिच्यात असं काय असतं, जे अब्बांनी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या दुर्बिणीत नव्हतं?

आधी शब्दाबद्दल. ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. याच ‘बीन’पासून ‘तमाशबीन’ झाला आणि सूक्ष्मदर्शकाला उर्दूत ‘खुर्दबीन’ म्हणतात तोही. मराठीनं ‘दूर’चा ऱ्हस्व केला, ‘न’चा ‘ण’ केला आणि शब्द असा आपलासा केला की आज कुणाला तो परका वाटत नाही. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीला आकाशनिरीक्षक ‘द्विनेत्री’ म्हणतात. शब्द छान आहे, पण मंडईत चालणार नाही. तिथं दोन्हीला दुर्बीणच.

एक डोळ्याची दुर्बीण आधी आली आणि दोन डोळ्यांची फार नंतर, असा आपला समज असतो. तसं नाही. १६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्यानं आपल्या नव्या नळीसाठी सरकारकडे हक्क मागितला, तेव्हा सरकारनं त्याला सांगितलं की ही दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून दाखव. त्यानं त्याच वर्षी तशी करूनही दिली. म्हणजे एक डोळा मिटून बघायचा कंटाळा दुर्बिणीइतकाच जुना. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं स्वतःची दुर्बीण आभाळाकडे वळवली आणि १६१० च्या जानेवारीत त्याला गुरूचे चंद्र दिसले. आपल्याकडे १६५१ मध्ये जेरेमाया शेकर्ली नावाच्या इंग्रजानं सुरतेहून बुधाचं सूर्यबिंबावरून होणारं अधिक्रमण पाहिलं. शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते त्यानंतर तेरा वर्षांनी.

मात्र दोन नळ्या जोडून चांगली द्विनेत्री होत नाही. गॅलिलिओच्या पद्धतीनं केलेल्या जोडनळ्या नाटकगृहात बऱ्या. तीन-चार पटींपलीकडे गेलं की दिसणारा तुकडा इतका लहान होतो की पाहणारा वैतागतो. दुसऱ्या पद्धतीच्या भिंगांत चित्र मोठं आणि रुंद दिसतं, पण उलटं. ते सुलट करायला हातभर लांब नळी लागते. यातून वाट काढली इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसानं, १८५४ मध्ये. दोन त्रिकोणी लोलक एकमेकांना आडवे ठेवून त्यानं प्रकाशाला आतल्या आत वळणं दिली. नळी आखूड झाली, चित्र सरळ झालं. कल्पना उत्तम होती, पण काच तशी नव्हती. लोलकात प्रकाशाला काचेतून लांबचा प्रवास करावा लागतो, आणि त्या काळच्या काचेत बुडबुडे आणि रेघा असत. येना गावात ओटो शॉटनं १८८४ मध्ये काचेचा कारखाना काढला, एर्न्स्ट आबेनं गणित पक्कं केलं आणि १८९४ मध्ये झाइसच्या लोलकांच्या द्विनेत्री विक्रीला आल्या. पोरोची कल्पना प्रत्यक्षात यायला चाळीस वर्षं लागली.

याच काळात आपलं पुणं काय करत होतं? १८८६ मध्ये ही मंडई उभी राहिली, ‘रे मार्केट’ या नावानं. लॉर्ड रे तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती फाकलेल्या बाजू. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं. इतिहासाला असे विनोद सुचतात.

मंडईपासून दोन-तीन किलोमीटरवर, सायन्स कॉलेजात, त्याच सुमारास दुसरी एक वास्तू तयार होत होती. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं ते जुनं रूप. तिथले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांकडून देणगी मिळवली, तेवढीच भर मुंबई सरकारनं घातली आणि १८८८ च्या सुमारास ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांची वीस इंची आरशाची दुर्बीण तिथं होती आणि ती त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. पुण्यातल्या किती जणांना आज हे नाव माहीत आहे? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला आपली माणसं आणि उपकरणं घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथंच उतरली होती. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आला होता. हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ मध्ये लागला असं कोकणात सांगितलं जातं, त्यात ही दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होता. त्या ग्रहणासाठी गुंटूरला आला होता तो फ्रेंच जान्सन. किल्ल्याचा मान यानं कमी होत नाही. तारीख फक्त तीस वर्षं पुढे सरकते.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या हौशी माणसांना पुन्हा एकत्र यायला १९४४ उजाडावं लागलं. त्या वर्षी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आज ती टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात आहे. पुण्यात पहिल्यांदा द्विनेत्री हातात धरून कृत्तिका पाहिल्या असं सांगणारे कितीतरी लोक तुम्हाला या संस्थेचं नाव घेताना भेटतील.

नायगमवालांची दुर्बीण सरकारी पैशाची आणि राजाच्या देणगीची. सामान्य माणसाच्या हाती जी दुर्बीण आली, ती युद्धामुळे आली. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांच्या लक्षात आलं की चांगली काच आणि चांगल्या दुर्बिणी बहुतेक शत्रूच्याच देशात होतात. हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं की शर्यतीला आणि शिकारीला नेता त्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या. दिलेल्या प्रत्येक दुर्बिणीवर क्रमांक कोरला जाई आणि लढाई संपल्यावर ती परत करायचा प्रयत्न होई. अमेरिकेच्या नौदलानंही तीच युक्ती केली. त्यानंतर ब्रिटिश कारखान्यांनी लष्करासाठी दुर्बिणी केल्या त्या हजारोंनी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातल्या कित्येक भंगारात निघाल्या. पुण्यासारख्या छावणीच्या शहरात भंगार कुठं जातं, हे पुणेकराला सांगायला नको.

जुना बाजार, शाहीर अमर शेख चौकाजवळ, बुधवारी आणि रविवारी. अब्बांचं मंडईच्या मागच्या गल्लीत चष्म्यांचं छोटं दुकान होतं. भिंगं घासण्यात त्यांची हयात गेली. १९७२ च्या सुमारास एका रविवारी ते जुन्या बाजारातून एक काळी, जड वस्तू घेऊन आले. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीची ७×५० दुर्बीण, पंचाहत्तर रुपयांना. अम्मीनं दोन दिवस बोलणं टाकलं होतं. दुर्बिणीवर बाणाचं चिन्ह होतं, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. त्याच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण ठोकलेला होता. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. सरकारनं ही वस्तू सेवेतून काढून विकली आहे, म्हणजेच ती चोरीची नाही, याची ती खूण. अब्बांना हे माहीत असतं तर त्यांनी अम्मीला नक्की दाखवली असती.

आता ७×५० म्हणजे काय? पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की जो आकडा येतो त्यात सगळं मर्म आहे. पन्नास भागिले सात, म्हणजे सातपेक्षा किंचित जास्त. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. दुर्बीण हातभर लांब धरून पाहिलीत तर डोळ्याकडच्या भिंगात एक उजळ गोल ठिपका दिसतो, तोच हा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून रात्री समुद्रावर पहारा करणाऱ्या खलाशांसाठी ७×५० हे माप ठरलं. दिवसाउजेडी हीच बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते. म्हणजे दिवसा अब्बांच्या दुर्बिणीतला बहुतेक प्रकाश बाहुलीबाहेरच पडत होता. दिवसासाठी ८×३० पुष्कळ झाली. ती अर्ध्या वजनाची असते आणि गळ्यात तीन तास राहू शकते.

इथं एक कडू गोष्ट सांगतो. बाहुली वयाबरोबर आखडते. पन्नाशीत अंधारातसुद्धा ती पाचच्या आसपासच उघडते. मी आज अब्बांची दुर्बीण डोळ्याला लावतो तेव्हा ५० मिलिमीटरचं भिंग माझ्यासाठी जवळजवळ ३५ चं झालेलं असतं. बाकीचा प्रकाश माझ्या बुबुळावर आपटून परत जातो. लाखाची दुर्बीण घेण्याची ऐपत माणसाला साधारण कोणत्या वयात येते, याचा विचार केला म्हणजे यातली थट्टा कळते. म्हणून माझ्या वयाच्या कुणी विचारलं तर मी ताऱ्यांसाठीही १०×५० किंवा ८×४२ सुचवतो. झोत पाच मिलिमीटरचा, आमच्या बाहुलीच्या मापाचा. शिवाय पुण्याचं आभाळ आता काळं राहिलेलं नाही, राखाडी आहे. जास्त पट केल्यानं ती राखाडी थोडी काळवंडते आणि तारे उठून दिसतात.

मग लाखांची दुर्बीण कशाचे पैसे घेते? तीन-चार गोष्टींचे. पहिली म्हणजे काचेवरचा लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाया. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी अतिशय पातळ लेप देऊन हे नुकसान कमी केलं आणि जर्मन लष्करानं ते काही वर्षं गुपित ठेवलं. आजच्या उत्तम दुर्बिणीतून नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. दुसरी गोष्ट लोलक. हल्लीच्या सरळ नळ्यांच्या सुटसुटीत दुर्बिणीत घराच्या छपरासारख्या कडेचा लोलक असतो. ती कड कमालीची अचूक घासावी लागते आणि तिच्यासाठी एक वेगळा लेप लागतो, जो १९८८ पासून झाइसनं आणला. ही सगळी मेहनत कशासाठी? जुन्या, खांदे पुढे आलेल्या पोरो दुर्बिणीत जे आपोआप मिळत होतं तेवढं परत मिळवण्यासाठी! म्हणून ज्याला फक्त तारे पाहायचे आहेत आणि वजनाचं काही वाटत नाही, त्याला पोरोची दुर्बीण निम्म्याहून कमी पैशांत तेवढंच दाखवते. उलट स्वस्त छपरी लोलकात शुक्रासारख्या तेजस्वी ठिपक्यातून एक आडवी तिडीक बाहेर येते. दिवसा झाडावरच्या पोपटात ती कधीच दिसणार नाही.

खरी परीक्षा ताराच घेतो. दिवसा दृश्याच्या कडा थोड्या फिसकटल्या तरी पक्षी मध्यभागी असतो, कुणाचं लक्ष जात नाही. तारा म्हणजे बिंदू. तो कडेला गेला आणि त्याचं पाखरू झालं की दोष उघडा पडतो. म्हणून मोठ्या कंपन्यांनी कडेपर्यंत चित्र सपाट ठेवणारी भिंगं आणली. तेव्हा दिवसाचे लोक कुरकुरू लागले. अशी दुर्बीण उडत्या घारीमागे फिरवली की सगळं दृश्य एखाद्या गोळ्यावर चिकटवल्यासारखं घरंगळतं आणि काहींना गरगरतं. हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन कारागिरांना ठाऊक होतं. त्यांनी कडेच्या रेषांत मुद्दाम थोडा बाक ठेवला होता. म्हणजे रात्री जो गुण, तोच दिवसा दोष. आजच्या श्रीमंत दुर्बिणींतले फरक शेवटी या तडजोडीचे आहेत. स्वारोव्स्कीची २०२० मध्ये आलेली ‘एनएल’ अफाट रुंद दृश्य देते आणि कडेपर्यंत तारे ठिपकेच राहतात. झाइसची ‘एसएफ’ वजनानं हलकी, तोल डोळ्याकडे झुकलेला, त्यामुळे हात दुखत नाहीत. लायकाची ‘नॉक्टिविड’ थोडी अरुंद, पण तिचे रंग पाहून चित्रकार माणूस गप्प होतो. निकॉननं २०१७ मध्ये केवळ आकाशासाठी ‘डब्ल्यूएक्स’ काढली, अडीच किलोची. ती तिपाईवरच ठेवायची. आणि हात थरथरणाऱ्यांसाठी कॅननच्या, बॅटरीवर चित्र स्थिर करणाऱ्या दुर्बिणी. ताऱ्यांसाठी मला विचाराल तर हे स्थिर चित्र फार मोलाचं. चित्र हललं नाही की अंधुक तारेही आपोआप दिसायला लागतात.

एवढं सांगून झाल्यावर अब्बांच्या दुर्बिणीची बाजूही मांडली पाहिजे. तिला मधलं चाक नाही. दोन्ही डोळ्यांसाठी दोन वेगळे पेच फिरवावे लागतात. कवडीपाटला पाणपक्षी पाहताना ती निरुपयोगी. पेच फिरवेपर्यंत पक्षी लोणीला पोचतो. ताऱ्यांना मात्र एकदा लावली की रात्रभर हात लावायला नको. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात लोक घरं बंद करून बसले होते, रस्ते ओस पडले होते. खग्रास पट्टा कर्नाटकात अंकोला, हुबळी, रायचूरकडून गेला, पुण्यात खंडग्रास. अब्बांनी दुर्बिणीच्या एका नळीला टोपण लावलं, दुसरी सूर्याकडे धरली आणि मागे पुठ्ठ्यावर सूर्याची कोर पाडली. स्वतः दुर्बिणीतून कुणी पाहायचं नाही, अशी सक्त ताकीद. मी तेव्हा शाळेत होतो. गल्लीतली दहा-बारा मुलं आधी दारातून आणि मग पुठ्ठ्याला नाक लावून बघत होती. त्या दुपारच्या उन्हानं एका नळीतलं भिंगं जोडणारं डिंक पिवळं पडलं, ते कायमचं. अब्बांनी हे आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. काच साफ करणाऱ्यानं मला दाखवलं, पाडव्याच्या दिवशी.

१९९६ च्या मार्चमध्ये याच दुर्बिणीतून आम्ही ह्याकुताके धूमकेतू पाहिला. युजी ह्याकुताके या जपानी हौशी माणसानं तो २५×१५० च्या प्रचंड द्विनेत्रीतून शोधला होता. अब्बा पंचाहत्तर रुपयांच्या दुर्बिणीतून पाहत म्हणाले, "शोधायला मोठी लागते बेटा. बघायला ही पुरे."

तर पाडव्याची संध्याकाळ. चैत्र शुद्ध प्रतिपदा आणि रमजानचा एकोणतिसावा दिवस. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, म्हणून असं जमून येतं. अमावास्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास झाली होती, म्हणजे सूर्यास्ताला चंद्राचं वय सव्वीस तासांचं. कोर साध्या डोळ्यांनी दिसणार हे गणितानं नक्की होतं. पण आमच्याकडे गणितावर ईद होत नाही. कुणीतरी पाहावी लागते. दुर्बिणीनं जागा हेरायची आणि मग डोळ्यांनी खात्री करायची, हा अब्बांचा रिवाज. सूर्य पुरता बुडाल्याशिवाय दुर्बीण वर करायची नाही, हाही त्यांचाच.

आम्ही गच्चीवर गेलो. पश्चिमेला पूर्वी वेताळ टेकडीची सगळी ओळ दिसायची. आता इमारतींच्या मधून तुकडे दिसतात. समोरच्या गच्चीवर गुढी उतरवलेली होती, तिचा तांब्या शेजारच्या काकूंच्या हातात. मित्राची अडीच लाखांची ८×४२ मी डोळ्याला लावली. सातला दोन-तीन मिनिटं कमी असताना, फिकट नारिंगी आभाळात, केसाएवढी कोर. साध्या डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नव्हतं. अब्बांच्या ७×५० मधून मला ती जवळजवळ पाच मिनिटांनी दिसली, पिवळट, थोडी धूसर. लेपाचा आणि नव्या काचेचा फरक तो एवढा.

अम्मी ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतात. मी तिला नवी दुर्बीण दिली. तिला काळं वर्तुळ दिसे आणि जाई. पाच मिलिमीटरच्या झोतात तिचा डोळा ठरेना. मग मी जुनी दिली, कोपरं कठड्यावर टेकवून. सात मिलिमीटरचा झोत. डोळा इकडेतिकडे सरकला तरी चित्र हरवत नाही. पिवळं पडलेल्या डिंकाची नळी डावीकडे होती. तिनं डावा डोळा मिटून घेतला.

"दिसला," ती म्हणाली. मग समोरच्या गच्चीकडे वळून मोठ्यानं, मराठीत, "अहो, दिसला बरं का!" काकूंनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कुठं? कोणत्या बाजूला?"